नाखवा कोणाला म्हणावं

दीपक पावसे हा माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे ऐकाल त्यात त्याची चीड येईल, आणि ती यायलाच हवी. बुरोंडीच्या अलीकडे खाडीच्या तोंडाशी जे मच्छीमारांचं गाव आहे, तिथल्या सोसायटीचा तो एकोणीस वर्षं सेक्रेटरी. बोटीच्या परवान्याच्या अर्जापासून लग्नपत्रिकेतल्या मजकुरापर्यंत जे काही लिहायचं असेल ते दीपकनेच लिहायचं. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. अशा माणसाला गाव 'सरळ माणूस' म्हणतं. सरळ कसला डोंबलाचा! कोणी वाकवलं की वाकायचं आणि सोडलं की परत उभं राहायचं, ह्याला सरळपणा म्हणायचा असेल तर वेताची छडीही सरळच म्हणायची.

त्याला एकच नाद होता, आकाशाचा. दापोलीच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बीएस्सी झाला, पहिल्या पगारात हप्त्यावर दुर्बीण आणली आणि ती माडीवर कायमची उभी केली. दिवेलागणीला जो येईल त्याला शनीची कडी दाखवायची, चहा पाजायचा. बायको तेजल म्हणायची, "वर बघायला ह्यांना डोळे हायत, समोर बघायला नायत." लोक हसायचे, दीपकही हसायचा. पण बाई खोटं बोलत नव्हती.

हा नाद त्याला लावला हौसाकाकीने. सख्खी काकी नव्हे, शेजारची. भिकू नाखव्याची बायको. नाखवा म्हणजे बोटीचा मालक. दीपकची आई दिवसभर मासळीची पाटी घेऊन बाजारात, म्हणून पोर वाढलं ते हौसाच्या ओटीवर, तिच्या हातची आमटी ओरपत. तिने त्याला वर बोट करून दाखवलं होतं, "जी लुकलुकते ती चांदणी. जी लुकलुकत नाय ती फिरस्ती. फिरस्तीच्या भरवशावर होडी हाकायची नाय." चौथी शिकलेल्या बाईने ग्रह आणि तारा ह्यांतला फरक एका दमात सांगितला होता. कॉलेजात त्याला तीन तास लागले.

भिकू नाखवा जाऊन चौदा वर्षं झाली. पोरबाळ नव्हतं. होडी विकून टाक, म्हणून सगळ्यांनी सांगितलं. हौसाने साडीचा कासोटा घट्ट केला आणि वल्हं हातात घेतलं. होडीला इंजिन नाही. खाडीत जाळं टाकायचं, शेंगटी, बोंय, जे मिळेल ते विकायचं. पण वर्षातून एकदा ती जे करायची त्यावर सगळं बंदर चालायचं. पावसाळ्यात खाडीच्या तोंडावरची वाळू सरकते. गेल्या साली जिथे बोट तरली तिथे यंदा गुडघाभर पाणी. म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आधी, भर ओहोटीला, हौसा वाळूच्या दांड्यावर जायची, होडीतून उतरायची आणि पायाने तळ चाचपत चालायची. खोल वाट सापडली की तिच्या दोन्ही अंगांना बांबूच्या काठ्या रोवायच्या. पहिल्या काठीला हळदकुंकू, मग बाकीच्या. त्या काठ्यांमधून साठ बोटी वर्षभर ये-जा करायच्या.

आधी सासरा हे करायचा, मग नवरा, मग ती. मोठ्या बोटीचं हे कामच नव्हे. ती उथळात शिरली की बसलीच. बदल्यात गावाने त्या घराला जेटीला लागून होडी ओढायची जागा दिली होती. कागद नाही, शिक्का नाही. काठ्या तुम्ही रोवा, जागा तुमची, एवढंच तोंडी ठरलेलं. दोन पिढ्यांत कोणी त्यावर ब्र काढला नव्हता.

आता चेअरमनकडे वळू. इच्छा नाही, पण इलाज नाही. अजिंक्यशेटच्या चार मोठ्या बोटी, शिवाय बर्फाचा कारखाना. पांढरी पॅन्ट, पांढरे बूट. मासळीच्या धंद्यातला माणूस पांढरे बूट घालतो म्हणजे तो मासळीजवळ जात नाही, हे सांगायला ज्योतिषी नको. चेअरमन झाल्यापासूनच्या सात वर्षांत त्याने बोटीवर पाय ठेवला तो फोटोपुरता. त्याला हौसाची जागा हवी होती, डिझेलचा पंप बसवायला. दोनदा माणूस पाठवून झाला होता आणि दोनदा ती "नाय" म्हणून जाळं विणायला बसली होती.

फेब्रुवारीच्या अखेरीस शाळेत विज्ञान दिन झाला. दीपकने भाषण दिलं, ग्रह कोणाला म्हणावं. पाहुणा म्हणून चेअरमन पहिल्या रांगेत. मागच्या बाजूला, दाराशी, शेजारच्या पोरांना घेऊन हौसाकाकीही टेकली होती. दीपक रंगात आला. सांगू लागला, की दोन हजार सहा साली जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांची प्रागला परिषद भरली आणि त्यांनी तीन अटी ठरवल्या. एक, त्याने सूर्याभोवती फिरलं पाहिजे. दोन, स्वतःच्या वजनाने तो गोल झालेला पाहिजे. तीन, आपल्या वाटेतले बारीकसारीक गोटे त्याने दूर केलेले पाहिजेत, वाट साफ पाहिजे. प्लूटोने पहिल्या दोन अटी पाळल्या, तिसरीत अडकला. त्याच्या वाटेत त्याच्यासारखे पुष्कळ. म्हणून तो ग्रहांच्या यादीतून गेला.

"हात वर करून ठरवला?" अजिंक्यशेटने विचारलं. जांभया देत बसलेला माणूस एकदम ताठ झाला होता.

"हो. पिवळी कार्डं धरून. चारशे चोवीस जणांनी मत दिलं."

"आणि सभासद किती?"

"असतील नऊ-दहा हजार. पण शेवटचा दिवस होता, बरेच जण घरी गेले होते."

"वा!" शेट म्हणाला. हे 'वा' प्लूटोला नव्हतं, पण ते दीपकला उशिरा कळलं. त्याला भरून आलं, की चेअरमनला खगोलशास्त्राची गोडी लागली. वेडा कुठला.

घरी जाताना हौसाकाकीने रस्त्यात गाठलं. "दीपक, त्या बापड्याला कोणी इचारला का रे?"

"कोणाला, प्लूटोला?" तो हसला. "त्याला काय विचारायचं काकी, तो दगड."

"तो अजून फिरतोय ना?"

"फिरतोय की."

"मंग ह्यांना कसली खाज," ती म्हणाली आणि पोरांना हाकत पुढे गेली.

मार्चमध्ये अजिंक्यशेट रत्नागिरीला एका हॉटेलात तीन दिवसांच्या शिबिराला गेला. प्राचीन रोमनांकडून नेतृत्वाचे सात धडे. पुण्याहून कोणी कोटवाला प्रशिक्षक आला होता, कानाजवळ माइक लावून हिंडणारा. शेट परत आला तो नुसता सीझर होऊन. ऑफिसात शिरताना सीझरचंच वाक्य, "फासे पडले!", म्हणायचा. बर्फाच्या कारखान्यातल्या हमालांना तो सैन्य म्हणायला लागला. एकाला ताप आला म्हणून त्याने रजा मागितली, तर शेट म्हणाला, रोमन सैनिक तापात वीस मैल चालायचे. तो हमाल लोटेहून केमिकल कंपनीतली नोकरी सोडून आलेला, त्याने सरळ विचारलं, "त्यांना पीएफ व्हता काय?" तेवढंच एक त्या महिन्यात ऐकण्यासारखं बोललं गेलं. बाकी सगळी मळमळ.

शिबिरातली पुस्तिका शेटने दीपकच्या टेबलावर टाकली, जपून ठेवायला. जेवणाच्या टेबलावर ती सुरमईच्या रश्शात पडली असावी. शेवटची दोन पानं घट्ट चिकटलेली आणि वासाने जीव नकोसा होत होता. म्हणजे सहा धडे शेटने वाचले, सातवा रश्शात बुडाला. आणि सहांपैकी त्याच्या डोक्यात शिरला तो एकच, फोडा आणि राज्य करा.

एप्रिलच्या सुरुवातीला त्याने दीपकला समोर बसवलं. "लिही. नाखवा कोणाला म्हणावं. तुज्याच तीन अटी घेऊ. एक, त्याची बोट समुद्रात फिरली पायजे, खाडीत नव्हे. दोन, बोटीला स्वतःची ताकद पायजे, म्हणजे इंजिन. तीन, जेटीवरची त्याची जागा मोकळी पायजे, दुसऱ्याचा सामान तिथे नको. जो तिन्हीत बसतो तो नाखवा. नाखव्यालाच जेटीवर जागा."

दीपकचं पेन थांबलं. काय चाललंय ते कळायला त्याला दुर्बीण लागली नाही. खाडीतली बिनइंजिनाची होडी सगळ्या बंदरात एकच होती. आणि तिच्या जागेत गेले पंधरा दिवस शेटचीच फाटकी जाळी आणि गंजलेली पिंपं आणून टाकली जात होती.

"शेट, पण काठ्या काकी रोवते..."

"काठ्या? अरे, जीपीएस हाय आता. गेल्या सालची वाट त्यात भरलेली हाय. कुठच्या जमान्यात हायस तू?"

"वाळू सरकते शेट, वाट तीच राहत नाही."

"दीपक," शेट गोड आवाजात म्हणाला, "मी मत नाय मागितला. अक्षर मागितलाय."

आणि दीपकने लिहिलं. सुरेख, वळणदार, समास सोडून लिहिलं. चूक कळत होती, हे खरं. पण चूक कळतेय म्हणून कोणाचा हात थांबल्याचं त्या ऑफिसात तरी कोणी पाहिलेलं नव्हतं.

सभा ठेवली कधी? बांगडा लागला होता तेव्हा. आठ दिवस झाले, बोटी रिकाम्या परत येत नव्हत्या. अशा दिवसांत ज्याचे हातपाय चालतात तो गडी किनाऱ्यावर नसतोच, आणि ज्या बायका आहेत त्या लिलावात. अकरा वाजता सभा, हजर अकरा माणसं. सगळी शेटची, काहींच्या पायात तसलेच पांढरे बूट. कोरम भरला नाही. मग आमच्याकडची ती जुनी पळवाट. सभा अर्धा तास तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच माणसांत पुन्हा भरवायची. तहकूब सभेला कोरम लागत नाही. अर्धा तास सगळ्यांनी वडापाव खाल्ला. मग अकरा तेलकट हात वर गेले. अजेंडा लावला होता, हो, लावला होता. बर्फाच्या कारखान्याच्या आतल्या भिंतीवर.

दीपकने प्रोसिडिंग बुकात लिहिलं, 'सदर ठराव सर्वानुमते मंजूर.' सोसायटीच्या सभासदांची संख्या दोनशे बारा. त्याला ती झोपेत विचारली तरी पाठ होती.

चार दिवसांनी हौसाकाकी ऑफिसात आली. पायाला चिखल होता म्हणून उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. जेटीवरच्या फळ्यावर लावलेला ठराव तिने बोट फिरवत, अक्षर लावत, सगळा वाचला होता.

"ह्या अक्षर तुजा हाय," ती म्हणाली.

दीपकने पेनाला टोपण लावलं.

"मी नाखवा नाय?"

"काकी, ते... ती व्याख्या आहे. सभेत ठरलं."

"कोण व्हता सभेत?"

त्याने टेबलावरचा पेपरवेट उजवीकडून डावीकडे ठेवला. हौसा बघत राहिली. ओरडली असती, शिव्या घातल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. पण तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते निराळंच होतं. जाळ्यात सडका मासा हाताला लागला की ती जसं तोंड करायची, अगदी तसं.

"त्या प्लूटोला इचारला नव्हता," ती म्हणाली. "तो लांब व्हता रे. मी तुज्या शेजारी ऱ्हातंय."

दुसऱ्या दिवशी तिने होडी पलीकडच्या तीरावर, बहिणीच्या, येसूबाईच्या, दारात नेली. शेटने आपली पिंपं स्वतःच उचलली आणि जागेवर डिझेलचा पंप उभा राहिला. गाव हळहळलं. गावाला हळहळायला काय लागतं? दोन-चार तांडेल, म्हणजे बोट हाकणारी जाणती माणसं, दीपककडे येऊन म्हणाली, हे बरं नाय झाला. दीपकही म्हणाला, नाही झालं बरं. मग सगळे चहा प्याले. तेजलने त्या दिवसापासून माडीवर चहा पाठवणं बंद केलं. "तुमच्या चांदण्या उपाशी बघा," एवढंच बोलली.

पावसाळाभर पाऊस कोसळला, खाडी गढूळ होऊन धावली आणि तोंडावरच्या वाळूने आपलं बिऱ्हाड हलवलं. काठ्या कोणी रोवल्या नाहीत. ऑगस्टात मासेमारीची बंदी उठली, पण नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय बोट बाहेर काढायची नाही हा गावचा रिवाज. यंदा पहिला नारळ शेटच्या नव्या बोटीतून जायचा होता आणि पाहुणा म्हणून यायचा होता तो रोमवाला प्रशिक्षक. पौर्णिमेची भरती दुपारी बाराच्या सुमारास. तेव्हाच निघायला हवं होतं, शेंबडं पोरही सांगेल. पण पाहुण्याची गाडी भरणे नाक्याला जेवायला थांबली. चार वाजता ते महाशय कोट सावरत बोटीत चढले, तोवर ओहोटीने निम्मं पाणी ओढून नेलं होतं.

बोटीत तीस-पस्तीस माणसं, त्यांत अकरा पोरं, शेटची मुलगी पूर्वी धरून. दीपक रजिस्टर छातीशी धरून कडेला. लाउडस्पीकर, फुगे, सोनेरी कागद गुंडाळलेला नारळ. तांडेल शिवा म्हणाला, "शेट, पाणी कमी हाय, आणि काठ्या नायत." शेटने जीपीएसच्या पडद्यावर टिचकी मारली. "ह्या काय हाय? रेघेवरून चल."

रेघ गेल्या सालची होती. बोट दांड्यावर अशी घुसली की उभी असलेली माणसं बसली आणि बसलेली आडवी झाली. इंजिन किंचाळलं, वाळू ढवळली, बोट डाव्या अंगावर कलली. पाणी उतरत होतं आणि समुद्राकडून येणारी लाट समोरून थपडा मारत होती. कोटवाला कठड्यावर वाकून ओकायला लागला, सुरमईसकट सगळं. पोरांनी रडून आकाश डोक्यावर घेतलं. आणि शेट? पांढऱ्या बुटांनी तिरक्या फळीवर घसरत तो फोनवर कोणाला तरी ओरडत होता की मोठी बोट पाठवा. मोठी बोट! म्हणजे ती पण रुतायला.

पलीकडच्या तीरावरून एक होडी सुटलेली दीपकने पाहिली. वल्ह्यावर कोण आहे ते त्याला दुरूनच कळलं आणि त्याने मान खाली घातली.

हौसा आली, कोणाकडे पाहिलं नाही. "पोरा आधी," एवढंच म्हणाली. चार-चार करत तीन खेपांत अकराही पोरं तिने वाळूच्या सुरक्षित उंचवट्यापलीकडे, तीरावर उभ्या येसूबाईच्या हाती दिली. मग बायका, मग म्हातारे. कोटवाला पुढे घुसायला लागला तेव्हा तिने वल्हं आडवं धरलं. "तू थांब. तुला पवता येताय का नाय ता मागनं बघू." बोट रिकामी आणि हलकी झाल्यावर ती पाण्यात उतरली, कमरेभर. दांड्यावर पायाने चाचपत शंभर-सव्वाशे पावलं दक्षिणेला गेली, तिथे थांबली आणि होडीतून आणलेला बांबू रोवला. परत आली, दुसरा रोवला. दिवस बुडेस्तोवर सात काठ्या उभ्या होत्या. रात्री भरती चढली तेव्हा शिवाने बोट त्या काठ्यांमधून सुखरूप काढली. पण तोवर हौसा पलीकडे जाऊन, हातपाय धुऊन, सुकत घातलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, गोळा करून घरात गेलीसुद्धा होती.

दीपकने दुसऱ्या दिवशी ती पुस्तिका काढली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. चिकटलेली पानं त्याने ब्लेडने सोडवली. सातवा धडा होता सिनसिनाटस नावाच्या शेतकऱ्याचा. रोमवर संकट आलं तेव्हा लोक त्याच्याकडे धावले. तो नांगर सोडून आला, सगळी सत्ता हातात घेतली, शत्रूला हरवलं, आणि सोळाव्या दिवशी सत्ता परत देऊन नांगराकडे गेला. दीपकने वाचलं आणि पुस्तिका लांब ठेवली. रश्शाचा वास येत होता की स्वतःचा, हे त्याला कळेना.

त्याच आठवड्यात रविवारी सोसायटीची सर्वसाधारण सभा. वादळाचा इशारा होता, बोटी बंदरात. सभागृह भरून माणसं बाहेर पडवीत. शेटने मोठ्या मनाचा आव आणून हौसाकाकीला बोलावून घेतलं होतं. शाल, नारळ. प्रशिक्षकही आला होता, रंग परत आलेला. त्याने सिनसिनाटसची गोष्ट सांगितली आणि शेटकडे हात करून म्हणाला, "असा आधुनिक सिनसिनाटस तुमच्या गावाला चेअरमन म्हणून लाभलाय, ज्याने संकटकाळी योग्य व्यक्तीला पाचारण केलं!" टाळ्या पडल्या. हो, पडल्या! पाचारण! ज्याने फोनवर बोंबा मारल्या त्याने पाचारण केलं!

हौसाने शाल खांद्यावर पडू दिली, नारळ हातात घेतला. मग विचारलं, "माजी जागा?"

"काकी, आज आनंदाचा दिवस हाय," शेट हसला. "जागेचा काय, ठराव झालेला हाय. सर्वानुमते. माज्या एकट्याच्या हातात काय हाय? इचारा सेक्रेटरीला."

दोनशे माणसांनी दीपककडे पाहिलं. तो प्रोसिडिंग बुक उघडून बसला होता, पेनाचं टोपण काढून. एकोणीस वर्षांत ह्या सभागृहात त्याला कोणी काही खरोखर विचारलं नव्हतं. तो उभा राहिला.

"सर्वानुमते नव्हता," तो म्हणाला.

"काय?"

"अकरा हात होते. तुम्ही सगळे बांगड्याला गेला होता. काकीला कळवलं नव्हतं, नोटीस कारखान्याच्या आत लावली होती. जागेत पिंपं टाकली ती शेटनी. तीन अटी माझ्या भाषणातल्या. आणि सर्वानुमते हा शब्द मी लिहिला. खोटा लिहिला." तो शेटकडे वळला. "आणि समुद्रात फिरण्याचीच अट घालायची तर शेट, तुम्ही स्वतः सात वर्षांत समुद्रात गेलेलाच नाही."

कोणीतरी फिस्सकन हसलं, मग पडवीतून आवाज चढायला लागला. शेटचा चेहरा बुटांइतका पांढरा झाला. पण मुरलेला माणूस तो. त्याने घड्याळ पाहिलं आणि टेबलावर हात आपटला. "सभा अर्धा तास तहकूब!"

अर्ध्या तासात माणसं पांगतात, चहाला जातात, कोणाला भीती घालता येते, कोणाला डिझेल देता येतं. एकोणीस वर्षं दीपकने हेच पाहिलं होतं. त्याने वाट पाहिली. पहिली खुर्ची सरकेल, मग दुसरी.

कोणी उठलं नाही. तांडेल शिवाने मांडी घातली. लिलावातल्या बायकांनी पदर खोचले आणि जमिनीवरच बसकण मारली. वडापाव आले आणि गार झाले. प्रशिक्षक हळूच गाडीकडे निघून गेला.

तीस मिनिटं झाल्यावर शिवाने मांडलं की जुना ठराव रद्द, जागा हौसाची, पंप हलवा. हात वर झाले. दीपक रांगेरांगेतून चालत गेला आणि एकेक हात मोजला. एकशे एक्क्याऐंशी. तोच आकडा त्याने बुकात लिहिला, खाली विरोधातले अकरा लिहिले, सही केली, आणि स्वतःचा राजीनामा शेवटच्या पानात ठेवला. त्याला वाटलं, आता काकी जवळ येईल. पाठीवर हात ठेवील, लहानपणी ठेवायची तसा.

हौसा आली. नारळ तिने त्याच्या टेबलावर ठेवला.

"घे. तुला दिला," ती म्हणाली. "चांगला केलास आज. पण दीपक, एवढा एक वाक्य बोलायला तुला अकरा पोरा पाण्यात घालायला लागली. तो शेट शेटच हाय रे, त्याची मला कधी शिसारी नाय आली. तुजी आली."

आणि ती गेली.

चार दिवसांनी, वादळाचा इशारा उतरल्यावर, सकाळी दीपकने माडीवरून दुर्बीण खाडीच्या तोंडाकडे फिरवली. जेटीला लागून, पंपाच्या उखडलेल्या पायाशेजारी, होडी आपल्या जागेवर ओढलेली होती. दांड्यावरच्या पहिल्या काठीला हौसाने सत्काराची शाल बांधली होती, लांबून दिसावी म्हणून. शेटची नवी बोट त्या शालीला वळसा घालून बाहेर पडत होती. तेजलने चहा आणून कठड्यावर ठेवला, पण तो त्याने घेतला नाही. नारळ अजून तसाच समोर होता आणि तो फोडायची त्याची छाती झाली नव्हती.